खेळांतलें क्रियापद

संध्याकाळच्या वेळीं, दिवेलागण होण्यापूर्वीं, पांचसहा मुलें अंगणांत कोंडाळें करून बसतात आणि उजव्या हाताचीं बोटें जमिनीला टेंकवितात. त्यांतलें एक मूल पुकारतें, “चिमणी उड!” सर्वांचीं बोटें वर जातात. “कावळा उड!” बोटें पुन्हां वर जातात. मग त्याच सुरांत व त्याच घाईनें तें पुकारतें, “म्हैस उड!” एखाद्या बेसावध मुलाचें बोट उठतें, हंशा पिकतो आणि त्या मुलावर डाव येतो. मराठी मुलुखांत हा खेळ ठाऊक नाहीं असें घर विरळाच. वडील माणसांच्या मतें तो वेळ घालविण्याचा एक निरुपद्रवी प्रकार होय. परंतु भाषेच्या दृष्टीनें पाहिलें तर त्या दोन शब्दांच्या पुकाऱ्यांत वाक्यशास्त्राचा एक मोठा सिद्धांत दडलेला आहे.

वाक्याला अर्थ येण्यासाठीं आकांक्षा, योग्यता आणि संनिधि हीं तीन अंगें हवींत, असें आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं मानिलें. त्यांपैकीं योग्यता म्हणजे पदार्थांचा परस्परांशीं जुळणारा संबंध. विस्तवानें शिंपावें असें कोणीं म्हटलें तर शब्द बरोबर असूनही अर्थ उभा राहत नाहीं. कारण विस्तवाच्या ठायीं शिंपण्याची योग्यता नाहीं. शास्त्री ज्या दोषासाठीं विस्तवाचें उदाहरण देत, तोच दोष अंगणांतलें मूल म्हशीच्या उदाहरणानें ओळखतें. त्यासाठीं त्याला व्याख्या लागत नाहीं. बोट वर न्यावें कीं न न्यावें एवढाच निर्णय क्षणार्धांत करावा लागतो. यास्कानें निरुक्तांत नाम व आख्यात यांचा भेद सांगतांना नामांत सिद्ध वस्तूला आणि आख्यातांत घडण्याच्या व्यापाराला प्राधान्य दिलें आहे. वस्तु हातांत घेऊन दाखवितां येते. व्यापार घडला तरच दिसतो. क्रियापद शिकविण्याची सगळी अडचण, आणि तिचा उपायही, या एका भेदांत सांपडतो.

आधुनिक बालभाषाशास्त्रांतही हा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला आहे. अमेरिकन विदुषी डेड्रे गेंटनर यांनीं १९८२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, जगांतलीं मुलें आधीं नामें व मागाहून क्रियापदें आत्मसात करितात. कारण वस्तूंच्या कडा स्पष्ट असतात, क्रियांच्या नसतात. पुढें कोरियन व चिनी भाषा बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हां तेथील बालकांच्या बोलण्यांत क्रियापदें लवकर व विपुल येतात, असें कांहीं संशोधकांना आढळलें. कोरियनप्रमाणेंच मराठींतही क्रियापद वाक्याच्या शेवटीं, म्हणजे कानांत घुमत राहील अशा ठिकाणीं येतें. आणि कर्ता-कर्म गाळून एकट्या क्रियापदावर संभाषण चालूं शकतें. “दे ना,” “घे,” “आलो,” “सांडलें,” एवढ्यावर मराठी घरांतला निम्मा दिवस पार पडतो. अशा भाषेच्या मुलाला क्रियापद परकें वाटण्याचें कारण नाहीं. तरीही पिढ्यान् पिढ्या शाळेंत तें परकें वाटत आलें. याचें कारण भाषेपेक्षां शाळेच्या इतिहासांत शोधावें लागतें.

जुन्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटी, उजळणी, पावकी-निमकी आणि मोडी अक्षर यांना महत्त्व होतें. व्याकरणाचा तेथें वावर नव्हता. इंग्रजी अमदानींत छापील पुस्तकें आलीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं महाराष्ट्र भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढें १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण निघालें. या ग्रंथांनीं मराठीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली, हें त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु पंडितांसाठीं मांडलेली व्यवस्था वर्गांत उतरली ती रूपावलीच्या पाठांतराच्या वेषांत. “मी जातों, तूं जातोस, तो जातो” असें मुलें एका जागीं बसून, एका सुरांत, डोलत म्हणूं लागलीं. जाण्याचीं सर्व रूपें तोंडपाठ झालीं आणि जागेवरून उठलें तर छडी बसूं लागली! क्रियापदाचा धडा चालू असतांना क्रिया तेवढी वर्ज्य, असा हा विलक्षण प्रकार होता.

हाच अनुभव एका फ्रेंच गृहस्थानें स्वतःच्या देहावर घेतला. फ्रांस्वा गुआं हा शिक्षक जर्मन भाषा शिकण्यासाठीं हांबुर्गला गेला. दहा दिवसांत त्यानें व्याकरण व २४८ अनियमित क्रियापदें पाठ केलीं आणि मोठ्या उमेदीनें तो व्याख्यान ऐकण्यास गेला. त्याला एक शब्दही कळला नाहीं. पुढें त्यानें शब्दकोशच्या शब्दकोश घोकला; फळ तेंच. निराश होऊन तो घरीं परतला, तेव्हां त्याच्या जवळजवळ तीन वर्षांच्या भाच्यानें पिठाची चक्की पाहिली होती. घरीं आल्यावर त्या पोरानें चिमुकल्या पिशव्यांत वाळू भरली, ओहोळावर खेळण्यांतली चक्की मांडली आणि पोतें भरलें, उचललें, वाहिलें, ओतलें, दळलें, अशी एकेक क्रिया करीत व क्रमानें बोलत राहिला. मामाच्या ध्यानांत आलें कीं भाषा शिकण्याची हीच खरी रीत आहे. क्रिया तिच्या क्रमांत घडते आणि क्रियापद त्या क्रमाच्या दोऱ्यांत ओंवलें जातें. या निरीक्षणावर उभारलेला ग्रंथ त्यानें १८८० सालीं प्रसिद्ध केला. पुढें हॅरल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञानें जपानांत राहून १९२५ सालीं कृतींतून इंग्रजी शिकविण्याचें पुस्तक तयार केलें. १९६० नंतर कॅलिफोर्नियांत जेम्स ॲशर यांनीं आज्ञा ऐकून अंगानें उत्तर देण्याची पद्धति मांडली. २००४ सालीं केंब्रिज येथील संशोधकांस असें आढळलें कीं चाटणें, उचलणें, लाथ मारणें अशा अर्थांचीं क्रियापदें नुसतीं वाचलीं तरी मेंदूंतील चलनवलनाच्या भागांत, त्या त्या अवयवाच्या जागेजवळ, हालचाल उमटते. अंगणांतल्या खेळाला शास्त्राची साक्ष मिळाली ती अशी उशिरां.

बालशिक्षणाच्या क्षेत्रांत हा विचार मारिया माँटेसरी यांनीं प्रत्यक्षांत आणिला. १९०७ सालीं रोमच्या गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या वाचनपद्धतींत कागदाच्या चिठ्ठ्यांवर एकेक कृति लिहिलेली असे. मूल चिठ्ठी मनांतल्या मनांत वाची आणि ती कृति करून दाखवी. मोठ्यानें वाचून घेण्याची गरजच उरत नसे. अर्थ कळला कीं नाहीं हें कृतीनें उघड होई. पुढें व्याकरणासाठीं त्यांनीं खुणा योजिल्या. नामाला स्थिर, काळा त्रिकोण आणि क्रियापदाला लाल वर्तुळ. त्रिकोण जागीं बसतो, वर्तुळ गडगडतें; यास्कानें सांगितलेला भेद बालकाच्या बोटांशीं आला तो असा.

हिंदुस्थानांत या विचाराला गिजुभाई बधेका यांनीं देशी रूप दिलें. वकिली सोडून त्यांनीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० सालीं बालमंदिर काढिलें. ताराबाई मोडक त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी. कोसबाडचीं वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणावर शाळा भरूं लागली. शाळेचे मौल्यवान साहित्य तेथें परवडणारें नव्हतें. पानें, खडे, शंख-शिंपले यांच्यावर काम भागविलें गेलें. शिक्षिकेचें प्रमाण मराठी आणि मुलांची वारली बोली यांच्यांत अंतर होतें. तें अंतर कापण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे दोघांनीं मिळून एकच क्रिया करणें व मग तिचें नांव घेणें. वेंच, ओंव, मोज, लप, शोध, हे शब्द पानाखड्यांच्या सोबतीनें कानीं पडले म्हणजे त्यांचें भाषांतर करावें लागत नाहीं.

भाषेभाषेंतलें हें अंतर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, लोहाऱ्याच्या परिसरांत, अगदीं निराळ्या रूपानें उभें होतें. लोहारा हें पूर्वींच्या उस्मानाबाद, व २०२३ पासून अधिकृतपणें धाराशिव म्हटल्या जाणाऱ्या, जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. कर्नाटकाची सीमा येथून दूर नाहीं. मराठी हा या मातीचा मुख्य बोल. पण बाजाराच्या दिवशीं कानडी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी बोलीही कानांवर पडते. हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. तेथें १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूनें घेतली. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतून सुरू झालें. उर्दूंतून वरचें शिक्षण देणें हा देशी भाषेला मान देणारा मोठा प्रयोग होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु मराठी, तेलुगु वा कानडी घरांतल्या मुलाला ती देशी भाषा आपली नव्हती. घरीं ज्या शब्दांनीं तें उठे, बसे, जेवी व भांडे, ते शब्द शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांवर त्याच्या उपयोगीं पडत नसत.

या परिस्थितींत १९२१ सालीं, आज लोहारा तालुक्यांत असलेल्या हिप्परगा या खेड्यांत, राष्ट्रीय शाळा निघाली. असहकाराच्या चळवळीनें देशभर राष्ट्रीय शिक्षणाचे वारे सुटले होते. त्यांतली एक झुळूक या आडवळणाच्या गांवीं पोंचली. १९२९ सालीं व्यंकटेश खेडगीकर नांवाचे तरुण शिक्षक तेथें मुख्याध्यापक म्हणून आले. सिंदगीस जन्मलेले आणि कामगार चळवळींत ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेले हे गृहस्थ हिप्परग्यास असतांनाच १९३२ सालीं संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे सहकारी. १९३५ सालीं हे कार्यकर्ते मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस गेले आणि तेथें योगेश्वरी शाळेच्या रूपानें तें काम वाढलें. पुढें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचें नेतृत्व स्वामीजींकडे आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची स्वतंत्र सत्ता संपली.

मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत हिप्परग्याचें नांव कार्यकर्ते घडविणारी शाळा म्हणून घेतलें जातें, तें योग्यच आहे. परंतु तिच्या अस्तित्वांत शिक्षणशास्त्राचाही एक प्रश्न गुंतला होता. मुलाच्या हातापायांना जी भाषा ठाऊक आहे, तींतच त्याच्या बुद्धीनें चालावें कीं नाहीं? क्रियापदाच्या बाबतींत हा प्रश्न सर्वांत बोचक होतो. कारण नामें एका भाषेंतून दुसरींत सहज जातात. कलम, कागद, दुकान, जमीन हे शब्द उर्दूंत आणि मराठींत सारखेच नांदतात. क्रियापद मात्र आपलें घर सोडीत नाहीं. मराठी मुलगा “मी जातों” म्हणतो, मुलगी “मी जातें” म्हणते. कानडींत प्रथमपुरुषीं हा स्त्रीपुरुषभेद क्रियापदावर उमटत नाहीं. मराठींत भूतकाळीं क्रियापद कर्माच्या मागें जातें. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें. दखनी बोलींत ग्रांथिक उर्दूंतला “ने” बहुधा गळतो आणि क्रियापद कर्त्यालाच धरून राहतें. या सर्व रीति ज्याच्या कानांवर एकाच आठवडेबाजारांत पडतात, त्या मुलाला नियम सांगून कांहीं साधत नाहीं. त्याला आंबा खाऊन “खाल्ला” आणि पोळी खाऊन “खाल्ली” म्हणूं द्यावें लागतें.

मराठी क्रियापदाची घडणही खेळाला मोठी अनुकूल आहे. ऊठ, बस, ये, जा, दे, घे, पळ, थांब. ही एकवचनी आज्ञा म्हणजेच मूळ धातु. त्याला प्रत्यय लागलेला नसतो. जो धातु काढून दाखविण्यासाठीं वरच्या वर्गांतला विद्यार्थी रूप फोडीत बसतो, तो खेळांत पहिल्याच हांकेला हातीं येतो. “शिवाजी म्हणतो” हा शाळांतून खेळला जाणारा खेळ याच पायावर उभा आहे. पुकारणाऱ्यानें शिवाजीचें नांव घेऊन सांगितलें तरच कृति करावयाची, नाहीं तर स्तब्ध राहावयाचें. आज्ञेच्या पुढची पायरी वर्तमानाची. एकानें कृति करावी व दुसऱ्यांनीं विचारावें, “काय करतोस?” त्यानें उत्तर द्यावें, “उडी मारतों”, त्याच्या बहिणीनें म्हणावें, “उडी मारतें.” कृति थांबली कीं “मारली” हें रूप आपोआप पुढें येतें. मूल “केलें” ऐवजीं “करलें” म्हणालें तर हंसूं नये. “करलें” म्हणणाऱ्यानें नियम शोधून काढिला आहे. अपवाद तेवढा त्याला भेटावयाचा आहे.

याहून गंमतीची जागा क्रियापदांच्या जोड्यांत आहे. पडणें-पाडणें, तुटणें-तोडणें, फुटणें-फोडणें, सुटणें-सोडणें. अकर्मक आणि सकर्मक हे शब्द मुलाला भयंकर वाटतात. पण “मडकें फुटलें” आणि “मीं मडकें फोडलें” यांतला भेद त्याला कोणींच शिकवावा लागत नाहीं! आईसमोर उभें राहतांना तें नेमकें पहिलेंच रूप निवडतें. एका मुलानें वस्तु पाडावी, दुसऱ्यानें “पडली” म्हणावें, तिसऱ्यानें “पाडली” म्हणावें. व्याकरणाबरोबर खरें बोलण्याचीही तालीम होते. लोहारा हें नांव ऐकतांच ज्या कारागिराची आठवण येते, त्याच्या भात्यापुढें मुलांना थोडा वेळ उभें केलें तर गुआंच्या भाच्याची चक्की येथेंही सांपडेल. लोहार भाता ओढतो, लोखंड तापवितो, सांडशीनें धरतो, घणानें ठोकतो, वाकवितो, पाण्यांत बुडवितो, धार लावतो. शेतांतही तोच क्रम आहे. नांगरणें, कुळवणें, पेरणें, खुरपणें, राखणें, कापणें, मळणें, उफणणें; ज्वारीच्या एका हंगामांत क्रियापदांची अख्खी मालिका मुलाच्या डोळ्यांपुढून जाते. शहरांतल्या घरीं शेत नसलें तरी स्वयंपाकघर असतें. निवडणें, पाखडणें, चाळणें, मळणें, लाटणें, भाजणें ही तेथली मालिका. तेथेंही “मळणें” आहे, पण तें कणीक मळणें आहे. एकच क्रियापद खळ्यावर आणि परातींत कसें निराळें होतें, हें हातांनींच कळतें.

या पद्धतीवर आक्षेप नाहींत असें नाहीं. आठवणें, वाटणें, समजणें, असणें यांचा अभिनय होत नाहीं. तेथें गोष्टच उपयोगीं पडते. खेळ खेळाच्याच नादांत संपला आणि शब्द कागदावर उतरला नाहीं, तर वाचन मागें पडतें; म्हणून माँटेसरींच्या चिठ्ठीचें महत्त्व. सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. ज्या खेळांत शिक्षक सदैव आज्ञा करितो आणि मूल ती सदैव पाळितें, तो खेळ शेवटीं कवाइतींत जमा होतो. अंगणांतला खेळ या बाबतींत शाळेहून शहाणा ठरतो. तेथें डाव फिरतो. कालपर्यंत बोट उचलणारें मूल आज पुकारणारें होतें. ज्याला “उड” म्हणतां येतें, त्यालाच त्या शब्दाची सत्ता कळते.

१ मे १९६० रोजीं मराठी भाषकांचें राज्य झालें आणि लोहाऱ्याच्या शाळेंत मराठी ही शिक्षणाची भाषा म्हणून निर्वेध नांदूं लागली. परंतु त्यामुळें जुना प्रश्न संपला नाहीं, त्याची बाजू बदलली. आज तांड्यावरून येणाऱ्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलापुढें, अथवा सीमेजवळच्या कानडी घरांतल्या मुलापुढें, मराठी त्याच जागीं उभी असते, ज्या जागीं एके काळीं मराठी मुलापुढें उर्दू उभी होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें, शक्य तेथें किमान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिक्षण द्यावें, असें म्हटलें आहे. प्रत्येक बोलींतून पुस्तकें होण्यास वेळ लागेल. तोंवर शिक्षकाला एक गोष्ट उद्यांपासून करतां येण्याजोगी आहे. तांड्यावरच्या मुलानें पळून दाखवावें, आपल्या बोलींत त्या पळण्याचें नांव सांगावें, आणि साऱ्या वर्गानें त्या नांवाबरोबर पळावें. मग मराठी शब्द यावा आणि त्या शब्दाबरोबर त्या मुलानेंही पळावें. ज्या तालुक्यांत परभाषेच्या शाळेला उत्तर म्हणून हिप्परग्याची शाळा निघाली, तेथें या डावांत पहिली हांक देण्याचा मान त्या मुलाला मिळाला पाहिजे.